हवा लागू न देता

जोहोर, मलेशिया

ती. बाबांस,
सा. न.

तेलाच्या गिरणीत सांडपाणीवाल्यांचं काय काम, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

पामच्या फळांचे घड आधी वाफेवर शिजवतात, मग पिळून तेल काढतात. एक टन तेलामागे अडीच ते साडेतीन टन घाण पाणी निघतं. दाट, तपकिरी, आंबट आणि ८०-९० अंशांपर्यंत तापलेलं. घाटकोपरच्या लगूनमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या तळ्यात, येणाऱ्या पाण्याचा बीओडी (लिटरमागे किती मिलिग्रॅम ऑक्सिजन घाण कुजताना खर्च होईल, ते माप) तुम्ही शेकड्यांत मोजायचात. इथे तो २५,०००च्या आसपास असतो!

तुम्ही एरेटर लावून पाण्यात हवा घालायचात. आमचं बरोबर उलट. पाणी आधी निववायचं आणि मग त्याला हवा लागूच द्यायची नाही, म्हणजे हवेशिवाय जगणारे जिवाणू घाण खाऊन गॅस सोडतात. अख्ख्या तळ्यावर एचडीपीई प्लास्टिकचं जाड कापड टाकून त्याच्या कडा चरात गाडल्या आहेत. गॅस धरला की ते टम्म फुगतं. इथे पाऊस बारमाही, त्यामुळे कापडावर डबकी साचतात, ती पंपाने उपसावी लागतात.

एक घनमीटर पाण्यातून साधारण २८ घनमीटर गॅस मिळतो, त्यात ६०-६५ टक्के मिथेन. थोडा हायड्रोजन सल्फाइडही असतो. मॅनहोलमुळे त्याची ओळख तुम्हाला मी काय करून द्यायची! गॅसवर वीज करणारं इंजिन तो खातो, म्हणून आधी गॅस धुणारा स्क्रबर.

तळं उघडं ठेवलं तर हाच मिथेन हवेत जातो, आणि १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवतो. म्हणून मला हे काम मनापासून पटतं. पण गिरणीचा बॉयलर फळांच्या चोथ्यावर आणि कवच्यांवर चालतो, तिला आमच्या गॅसची तशी गरज नसते. गिरण्या मळ्यांच्या आत, विजेच्या लाइनी लांब. त्यामुळे कितीतरी ठिकाणी धरलेला गॅस नुसता जाळून टाकतात. हवेत सोडण्यापेक्षा ते बरं, तरी बघून जीव तुटतो. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात एकोणिसाव्या शतकातच मैल्याच्या गॅसवर दिवे लावले होते, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत ना?

आता तुमच्याकडून एक हवंय. आमच्या तळ्यात गाळ साचत चाललाय, आणि कापड न काढता तो उपसायचा आहे. लगून चालू ठेवून तुम्ही गाळ कसा काढायचात, पंप कुठला, पाइप केवढा, ते आठवेल तसं लिहा. आईला नमस्कार.

तुमची,
मनू