चित्रं भिंतीवर, वह्या जिन्याखाली

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत आपल्या जुन्या चित्रकारांच्या चित्रांना लिलावात किती कोटी मिळतायत ते पानभर वाचलं. अभिमान वाटलाच. पण त्या अख्ख्या पानात त्यांच्या वह्या, पत्रं, रोजनिशा कुठे गेल्या यावर एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करायचे. ते गेल्यावर त्यांची चित्रं आणि एक ट्रंक आम्ही एका संस्थेला दिली. ट्रंकेत त्यांच्या वह्या, कुठल्या अंकाला कुठलं चित्र, छपाईचा ब्लॉक करताना कुठला रंग मेला, संपादकांनी काय बदलायला लावलं, पैसे कधी आले, सगळं तारीखवार. चित्रांची यादी झाली, पोच मिळाली, ट्रंकेबद्दल मात्र म्हणाले, ते काय कागदच आहेत, राहू द्या इथे. पुढे एक मुलगी दिवाळी अंकांवर पीएचडी करत होती तिला घेऊन गेले तर ट्रंक जिन्याखाली ओलीत, आत वाळवी, वही उचलली की भुगा. कोणी सॉरीसुद्धा म्हणालं नाही. मुखपृष्ठ कुठल्यातरी लायब्ररीत सापडेल हो, ती वही एकच होती!

चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या डायऱ्या जपल्या गेल्या म्हणून २०१९ ला मुंबईच्या एनजीएमएतल्या, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातल्या, प्रदर्शनात त्या चित्रांसोबत बघता आल्या, चित्र होण्याआधी माणूस कसा विचार करतो ते तिथे कळतं. व्हॅन गॉगची पत्रं त्याच्या भावजयीने, योहानाने, नवरा गेल्यावरही सांभाळली आणि १९१४ मध्ये छापून आणली, नाहीतर त्या माणसाबद्दल आज आपल्याला काय माहीत असतं? बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख यांचे कागद हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने स्कॅन करून नेटवर ठेवलेत. हाँगकाँगच्या लोकांना बडोद्याची किंमत कळते, मग आपल्या संस्थांना आपल्याच चित्रकारांच्या वह्यांची का कळू नये? मोठा खर्च नको, निदान घेताना यादी करा, पोच द्या, कोरड्या खोलीत ठेवा आणि मोबाइलने का होईना पानांचे फोटो काढा.

आणि हो, त्याच पानावर जे जुनं मुखपृष्ठ छापलंय त्याखाली नुसतं 'संग्रहित' लिहिलंय, कोपऱ्यातली सहीसुद्धा कापली गेलीय. ते कोणी काढलं ते उद्याच्या अंकात छापा.

– एक वाचक, सातारा