जगताप, आता तूच सांग

प्रिय जगताप,

साष्टांग नमस्कार वगैरे लिहीत नाही, हसशील. दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर फोनवर घाल. माझी शुगर आटोक्यात, हिचा गुडघा आहे तसाच. पुढे.

इथल्या वाचनालयानं १९ जुलैला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या जयंतीचं व्याख्यान माझ्या गळ्यात मारलंय. मे महिन्यात ते गेले तेव्हापासून कमिटीचं ‘आपल्या कोल्हापूरचा माणूस’ चाललं होतं. जन्म इथला खरा, पण वाढले बनारसला, वडील तिथल्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. हे इथे बोलायची सोय नाही. अध्यक्षांनी भाषण आधी वाचायला मागितलं. परत आलं ते तांबडंलाल होऊन. ‘डॉ.’ दिसला तिथे मागे ‘पद्मविभूषण’ घातलंय, तेवढं चालेल. पण दोन परिच्छेदांवर आडवी काट, आणि समासात शेरा: ‘गेलेल्या माणसाचं उणं काढू नये.’

पहिला कुठला, ओळख. आपलंच स्थिर विश्व.

होस्टेलला मी नारळीकर आणि त्यांचे केंब्रिजचे गुरू हॉईल यांच्या बाजूनं, तू विश्व एका स्फोटातून सुरू झालं म्हणणाऱ्या महास्फोटाच्या. वाद अंगाशी आला की दार आपटून जायचास आणि व्हरांड्यातून ओरडायचास, ‘झाला बघ महास्फोट!’ ते दार शेवटी बिजागरीतून निघालं आणि दंड मी भरला. निम्मे पैसे अजून यायचेत.

आता गंमत बघ. तोच मी अध्यक्षांशी भांडतोय, की नारळीकरांचं विश्व बहुतेक शास्त्रज्ञांनी मान्य केलं नाही, हे मला व्यासपीठावरून बोलू द्या! १९६४ साली हॉईलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला तेव्हा हा पोरगा पंचविशीत. पुढच्याच वर्षी पद्मभूषण. आणि त्याच १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या पेन्झियास-विल्सन या रेडिओ-खगोलवाल्या जोडीनं आपल्या अँटेनातली ती खरखर जाहीर केली, कबुतरांची घाण खरवडून काढली तरी न गेलेली. तुझ्या महास्फोटाची उरलेली ऊब. आपलं स्थिर विश्व म्हणजे काय, तर विश्व पसरतंय, मोकळ्या होणाऱ्या जागेत अब्जावधी वर्षांत घनमीटरमागे एखाद-दुसरा अणू नव्यानं जन्मतोय, म्हणून त्याला आरंभही नाही नि अंतही नाही. काय देखणी कल्पना होती! (मला अजून वाटते. गप्प बस.) पण त्या उबेचा हिशेब तिच्यात बसेना. नारळीकर मागे हटले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासोबत स्थिरप्राय विश्व मांडलं. त्यात ती ऊब म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, अंतराळातल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा सोडलेला. त्या सुयांवर तू मला काय लिहिलं होतंस ते व्याख्यानात सांगण्यासारखं नाही.

मला बोलायचंय ते याच्या पुढचं. १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था उभी राहिली, २००३ पर्यंत हे संचालक. आपल्याच पंथाची माणसं भरली असती तर विचारणारं कोण होतं? तिथे महास्फोटवाले पद्मनाभन आले. तरुण सौरदीप (तरुण हे नावच) त्याच १९६५ च्या उबेतले बारीक चढउतार उलगडत बसले. संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींचं काम धरलं तेव्हा त्या लहरी सापडायला पाव शतक होतं. विरोधी मताला खोली, पगार आणि संगणक देणारा एक तरी साहेब आपण दोघांनी नोकरीत बघितला का? पण हे लोकांना कळायचं तर ते मत विरोधी होतं आणि तेच वरचढ ठरलं, हे आधी सांगायला नको? ते काढलं की उरतो ‘भारताचा आइनस्टाइन’ आणि तसबिरीचा हार.

दुसरी काट जन्मपत्रिकांवर. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दाभोलकर, ज्योतिषाचे चिकित्सक घाटपांडे, संख्याशास्त्रज्ञ कुंटे यांच्यासोबत घेतलेली ती चाचणी. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका, त्यातल्या ४०-४० प्रत्येक ज्योतिषाला, कुठली कुणाची ते ओळखा. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवून ५० आली असती! अध्यक्षांचे मेहुणे पत्रिका बघतात, तेव्हा यात उणं नक्की कुणाचं निघतंय ते मी विचारलं नाही.

सहीऐवजी पोरांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगायचे, ते भाषणात आहेच. आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप या नावानं स्पर्धेला धाडलेली ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथाही आहे. त्या नावावर ‘आमचे काका’ म्हणत तू होस्टेलभर फुकट चहा प्यायलास. टाळ्या तेवढ्यावरही पडतील.

ही म्हणते, काटलेलं गाळ आणि मोकळा हो. चिरंजीव म्हणतात, माइक हातात आल्यावर कोण अडवतंय. नाहीच म्हणावं, तर अध्यक्ष स्वतः बोलणार. मागे रामन यांच्यावर पन्नास मिनिटं बोलले, त्यातली चाळीस पगडीवर.

नाशिकच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? नातीचं नाव काय ठेवलंत? वहिनींना नमस्कार. आणि १९ च्या आत फोन कर, अध्यक्षांशी परवा पुन्हा बैठक आहे आणि महास्फोटाच्या बाजूनं भांडायची मला सवय नाही.

तुझा,
अवि