पाटे काढू नकोस

कोल्हापूर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, ड्रॅग रेससाठी (सरळ पट्टीवर गाडी पळवायच्या शर्यतीसाठी) पद्मिनीचं मागचं सस्पेन्शन बदलायची यादीही. फोर-लिंक (ॲक्सल धरणारे चार दांडे), कॉइलओव्हर (शॉकअपवर बसवलेली स्प्रिंग), पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा), सगळीकडे हाइम जॉइंट (गोळ्याचे उघडे सांधे)! मर्दा, पद्मिनीखाली दुसरीच गाडी शिरवणार दिसतोस. मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो: पाटे (लीफ स्प्रिंग) काढू नकोस. जो खर्च करायचा तो त्याच पाट्यांवर आणि शॉकअपवर कर.

गाडी सोडतानाचा तुझा व्हिडिओ एकदम सावकाश लावून बघितला. क्लच सुटला की हाऊसिंगचं (मागच्या ॲक्सलच्या पेटीचं) नाक, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतो ती पिनियनची बाजू, वर उचलते. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर ओढला जातो, मागचा खाली दबतो, सगळा पाटा नागमोडी होतो. मग टायर घसरतो, पीळ सुटतो, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा पीळ. ती जी धडधड ऐकू येते ती हीच. क्राऊन-पिनियन आणि ॲक्सल याच धडधडीत तुटतात. मूळ गाडी 1089 सीसीची, चाळीसेक हॉर्सपॉवरची. त्यात तू कंटेसाचं 1.8 लिटरचं इसुझू इंजिन बसवलंस, 88 हॉर्सपॉवरचं. बिचाऱ्या हाऊसिंगनं काय करावं?

तू लिहितोस की फोर-लिंकनं मागच्या चाकांवर जास्त वजन येईल. हे निम्मंच खरं आहे. मागे किती वजन सरकणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस आणि गाडी किती जोरात सुटते यावर ठरतं. तुझ्यासकट गाडी 1000 किलो धर, मध्य अर्धा मीटर उंच, व्हीलबेस 2.34 मीटर, वेग 0.6 जीनं (गुरुत्वाकर्षणाच्या 0.6 पटीनं) वाढतोय. 1000 गुणिले 0.6 गुणिले 0.5, भागिले 2.34. साधारण 128 किलो. खाली पाटे असोत की सोन्याचे लिंक, आकडा तोच. लिंकांमुळे बदलतं ते एवढंच, की तो भार टायरवर किती झटक्यात पडतो. इन्स्टंट सेंटर (लिंकांच्या रेषा पुढे वाढवल्या की जिथे मिळतात तो बिंदू) आखूड आणि उंच ठेवलं तर टायर जमिनीवर आपटतो, लांब ठेवलं तर हळू दाबला जातो.

आता आपल्याकडची परिस्थिती बघ. अमेरिकेत पट्टीवर चिकट रसायन फवारतात, तिथे तो झटका टायर पेलतो. आपल्याकडे बहुतेक वेळा विमानाच्या धावपट्टीवर 402 मीटर पळायचं, वर धूळ. तिथे जोराचा झटका म्हणजे क्षणभर पकड आणि मग नुसता धूर. शिवाय बाकीचे दिवस गाडी रस्त्यावरच असणार ना? लॅडर बारचं (ॲक्सलला घट्ट जोडलेले, पुढे एकाच ठिकाणी फिरणारे दोन बार) तर नावच काढू नकोस. सरळ रेषेत उत्तम, पण वळणावर बॉडी कलली की दोन्ही बार एकमेकांशी भांडतात आणि ॲक्सलला पीळ बसतो. गगनबावड्याच्या घाटात ती मजा नको. हाइम जॉइंटला धूळ-चिखल सोसत नाही. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल तुला माहीतच आहे. दोन पावसाळ्यांत खडखडा वाजायला लागतील.

मग करायचं काय? उद्यमनगरात पाट्यांचं काम करणारे एक मिस्त्री आहेत, ऊसवाल्या ट्रकांचे पाटे रोज त्यांच्याकडे येतात. परवा बराच वेळ तिथे बसलो होतो. सेट सोडला की ते एक एक पाटा पुसून टोकं बघतात. जिथे वरचा पाटा घासतो तिथे चकचकीत खाच पडलेली असते, बोट फिरवलं की नखाला लागते. ती ग्राइंडरनं गुळगुळीत करतात, पाट्याच्या टोकांच्या दोन डोळ्यांत (गोल कड्यांत) दोरी ताणून बाक मोजतात, मग ऐरणीवर ठोकून दोन्ही बाजू एकसारख्या करतात. दोन्ही बाजूंत फरक असेल तर तू कितीही भारी सामान लाव, गाडी सुटताना तिरकीच जाणार. त्यांना सांगून पाटे एकत्र धरणाऱ्या पुढच्या अर्ध्यातल्या क्लिपा घट्ट करून घेऊ, मागच्या सैल. पुढचा अर्धा भाग काठीसारखा काम करतो, मागचा खड्डे झेलतो.

त्यावर कॅलट्रॅक्सच्या (अमेरिकी ट्रॅक्शन बारांच्या) धर्तीचे बार. पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टवर तिकोनी प्लेट फिरती ठेवायची, ॲक्सलखालून तिला बार जोडायचा. हाऊसिंग फिरायला गेलं की बार पुढे रेटतो आणि प्लेट पाट्याला वरून दाबते. पीळ थांबतो, टायर जमिनीला दाबला जातो. साधा थापडबार (पुढच्या टोकाला रबर असलेला, पाट्याखालचा बार) स्वस्त पडतो, पण तो रबर पाट्याला टेकेपर्यंत काहीच करत नाही, आणि खड्ड्यातही टेकतो.

बुश पॉलीयुरेथेनचे चालतील, ग्रीस नीट भर नाहीतर चिमण्यांसारखे चिवचिवतील. शॅकलला (पाट्याच्या मागच्या टोकाच्या झुलत्या दुव्याला) मात्र रबरच ठेव. पिनियनचं नाक पाचर घालून दोनेक अंश खाली करू, म्हणजे जोर आला की ते प्रोपेलर शाफ्टच्या रेषेत येईल. मागचे शॉकअप ॲडजस्ट होणारे घे, यात काटकसर नको. पुढे 90-10 वाले (सहज उघडणारे, दबताना कडक) लावू नकोस. नाक झटकन उचलतं खरं, पण रस्त्यावर गाडी होडीसारखी डोलते.

आणखी एक. रस्त्यावर काळा पट्टा एकाच बाजूला, उजवीकडे उमटतो असं लिहिलंयस. ते बरोबरच आहे. शाफ्टच्या पिळानं उजवं चाक हलकं होतं आणि उघडा डिफरन्शियल सगळा जोर त्याच चाकावर उधळतो. त्याचा इलाज लिंकांत नाही, लिमिटेड स्लिपमध्ये (दोन्ही चाकांना जोर देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये) आहे. तो पद्मिनीच्या हाऊसिंगमध्ये बसवत बसण्यापेक्षा जड हाऊसिंगच बदलावं का, यावर समोरासमोर बोलू. बदलायचं ठरलं तर रुंदी आणि पाट्यांच्या बैठका आधी जुळवाव्या लागतील. आरटीओत इंजिनाची नोंद झालीच आहे, यालाही आधी विचारूनच हात घालू.

येत्या पंधरवड्यात गाडी घेऊन ये. त्याआधी पाट्याची रुंदी, पुढच्या डोळ्याच्या बोल्टची जाडी आणि हाऊसिंगच्या नळीचा व्यास मोजून कळव. व्हर्नियरनं मोज, टेपनं नको. प्लेटा शिरोलीतून कापून आणून ठेवतो.

तुझा,
संजय