साठ मॅच जिंकलेला हात

मा. संपादक,
स.न.

तुमच्या क्रीडा पानावर फास्ट बोलर्सच्या वर्कलोडवर सारखं काहीतरी येत असतं आणि ते वाचून 'पूर्वीचे लोक कुठे दमायचे' असं म्हणणारा एकजण तरी भेटतोच, म्हणून लिहितोय. त्या सगळ्यांना अमेरिकन बेसबॉलमधल्या चार्ल्स रॅडबर्नबद्दल सांगावंसं वाटतं.

'ओल्ड हॉस' म्हणायचे त्याला, हॉस म्हणजे घोडा. खाटकाचा मुलगा. 1884 साली प्रॉव्हिडन्स शहराच्या टीममध्ये मुख्य पिचर (म्हणजे बॉल टाकणारे) दोनच, हा आणि चार्ली स्वीनी, आणि दोघांचं अजिबात पटत नव्हतं. जुलैत आधी रॅडबर्न सस्पेंड झाला, मग स्वीनी चालू मॅच सोडून निघून गेला म्हणून त्याला हाकललं, आता टीमच बंद करायची वेळ आली. तेव्हा रॅडबर्न म्हणाला, उरलेल्या मॅच मी टाकतो, पण पैसे वाढवा आणि सीझन संपला की मला करारातून मोकळं करा. कारण तेव्हा क्लबने खेळाडूला एकदा राखून ठेवलं की त्याला स्वतःहून दुसरीकडे जाताच यायचं नाही. लोक याला जिगर म्हणतात, मला तर त्यात सुटायची धडपड जास्त दिसते.

त्या सीझनला त्याने 73 मॅच सुरू केल्या आणि 73 च्या 73 पूर्ण टाकल्या, 678 इनिंग (बेसबॉलच्या एका मॅचमध्ये साधारण नऊ असतात), विजय 60 (काहीजण 59 मोजतात). पिचर आणि बॅट्समनमधलं अंतर तेव्हा 50 फूटच होतं, आजच्यापेक्षा कमी, कबूल, पण आजच्या पिचरने वर्षात 200 इनिंग टाकल्या तरी खूप झाल्या म्हणतात. सीझननंतर न्यूयॉर्कच्या टीमशी तीन दिवसांत तीन मॅच, तिन्ही यानेच टाकल्या, तिन्ही जिंकल्या. आणि त्याच वर्षी सीझन चालू असताना सकाळी उठल्यावर केस विंचरायला हात वर जात नव्हता असं सांगतात.

1891 ला खेळ थांबला, पुढे शिकारीत गोळी लागून एक डोळा गेला, 1897 मध्ये 42 व्या वर्षी वारला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, नाव लागलं 1939 ला.

माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, फास्ट टाकतो. मागच्या महिन्यात टी-शर्ट काढताना हात अर्ध्यातच अडकला, आईला हाक मारली. कोच म्हणाले सवय होईल. आम्ही त्याला घरी बसवलंय, तो रोज रडतो.

तुमच्या पानावर शाळकरी मुलांनी आठवड्यात किती ओव्हर टाकाव्यात यावर एखाद्या डॉक्टरांकडून लिहून घ्या ना, प्लीज.

आपला,
एक वाचक, पुणे