पेपरक्लिपवाल्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. समोर भेटलात की "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

त्या दिवशी मी .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांची थैली घेऊन आले होते. तीनदा पावडर-गोळी भरून झाडलेल्या, चौथ्यांदा भरायच्या. त्यातली एक उचलून तुम्ही उजेडात धरलीत. बुडापासून साधारण एक सेंटिमीटरवर एक फिकट, चकचकीत कडं दिसत होतं. मला वाटलं, कुठेतरी घासलं असेल. तुम्ही खिशातली पेपरक्लिप सरळ केलीत, टोकाला बारीक आकडा वाकवलात आणि माझ्या हातात दिलीत. "आत घाल, बुडाला टेकव आणि भिंतीला लावून हळू वर ओढ. बघू नकोस, हाताला कळू दे."

टोक गुळगुळीत सरकत आलं आणि एकदम खाचेत अडकलं. पुढच्या पुंगळीतही अडकलं. सहाव्या पुंगळीनंतर मी मोजायचं सोडून दिलं.

त्या खाचेपाशी भिंत पातळ झाली होती. आणखी एकदा झाडली असती, तर पुंगळी तिथूनच दुभंगू शकली असती आणि तापलेला वायू बोल्टच्या कडेनं मागे, माझ्या चेहऱ्याच्या दिशेनं आला असता. काका, मी त्या संध्याकाळी चाळीस काडतुसं भरणार होते.

चूक माझी होती. साइझिंग डाय, म्हणजे झाडून फुगलेली पुंगळी पुन्हा मापात दाबणारा साचा, पुंगळीचं बूड धरणाऱ्या शेलहोल्डरला टेकेपर्यंत खाली आणायची आणि त्याहून आणखी थोडी खाली फिरवायची, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही कंपॅरेटर, म्हणजे बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचं साधन, लावून झाडलेली पुंगळी मोजलीत, मग डायमधून काढलेली मोजलीत. खांदा, म्हणजे मानेखालचा उतरता भाग, दर वेळी आठ हजारांश इंच मागे जात होता. झाडताना पुंगळीचं पुढचं अंग चेंबरला चिकटून बसतं आणि बूड मात्र बोल्टला टेकेपर्यंत मागे ओढलं जातं. तो सगळा ताण त्या एका कड्यावर येतो. "बोल्ट रायफलला एक ते दोन हजारांश पुरे," असं म्हणून तो कंपॅरेटर तुम्ही माझ्याच पेटीत ठेवलात.

ब्रासबद्दल, म्हणजे या पितळी पुंगळ्यांबद्दल, तुम्ही जे शिकवलंत ते मी अजून तसंच पाळते. माझ्या थैलीत जिथून मिळेल तिथून गोळा केलेल्या पुंगळ्या होत्या, बुडावर चार-पाच वेगवेगळ्या कारखान्यांचे शिक्के. तुम्ही त्या कापडावर ओतल्यात, शिक्क्यांप्रमाणे रांगा लावल्यात आणि प्रत्येक रांगेतली एक मला तोलायला लावलीत. सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड यांच्यात वीस ग्रेनहून (ग्रेन म्हणजे वजनाचं लहान एकक) जास्त फरक निघाला. चेंबरमध्ये सगळ्यांचा बाहेरचा आकार एकच होतो, म्हणजे जास्तीचं पितळ आतली जागा खातं. जागा कमी म्हणजे तेवढ्याच पावडरला दाब जास्त. लष्करी पुंगळ्या साधारणपणे जड असतात, म्हणून हलक्या पुंगळीत जमवलेलं माप त्यांच्यात तसंच ओतायचं नाही. पुंगळी बदलली की मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा हळूहळू वर यायचं. लांब पल्ल्यावर लक्ष्यावरचे माझे छेद उभ्या रेषेत का पसरतात, हे मला त्या कापडावर कळलं. तोवर मी दोष माझ्या श्वासाला देत होते.

मग तुम्ही सुचवलंत तसं मी लापुआ कंपनीच्या एकाच लॉटच्या शंभर पुंगळ्या घेतल्या, .३०८ पाल्मा, लहान प्रायमरच्या (प्रायमर म्हणजे बुडात बसणारी, ठिणगी देणारी टोपी). आणि पहिल्याच पुंगळीत प्रायमर काढायची पिन घट्ट अडकली! नेहमीच्या ब्रासचं फ्लॅशहोल, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, सुमारे दोन मिलिमीटरचं असतं, पाल्माचं दीड. माझी पिन जाड होती. रात्री साडेनऊला मी फोन केला. "हँडल ओढू नकोस, पिन तुटेल" एवढं सांगून तुम्ही फोन ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक पिन घेऊन हजर झालात. कुणाच्या पिनेसाठी सकाळी उठून कोण येतं?

अवजारांची माझी यादीही तुम्हीच उलटी केलीत. डाय चालवायला मला खटाखट काडतुसं पाडणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस हवा होता. तुम्ही विचारलंत, एका सामन्याला किती लागतात? मी ऐंशी म्हणाले. तेवढ्यासाठी साधा, दणकट, एका वेळी एकच काम करणारा प्रेस पुरतो आणि वाचलेले पैसे मोजायच्या साधनांवर घालावेत, हे मला पटायला आठवडा लागला. आज विचाराल तर मीही नवख्याला आधी कॅलिपर, कंपॅरेटर आणि चांगला तराजू घ्यायला सांगेन, प्रेस त्यानंतर.

बुशिंग डायचंही तसंच. तिच्यातली बदलता येणारी कडी, म्हणजे बुशिंग, पुंगळीच्या मानेचं माप ठरवते. अंदाजानं बुशिंग मागवणार होते, तर तुम्ही आधी भरलेल्या काडतुसाची मान मोजायला लावलीत. ०.३३६ इंच भरली, आपण ०.३३४चं बुशिंग घेतलं. जुन्या डायमधला, मान आतून रुंदावणारा एक्सपांडर बॉल मानेतून बाहेर येताना करकरायचा आणि मान तिरकी ओढायचा. आता त्याच कामाला मँड्रेल, म्हणजे गुळगुळीत दांडी, वापरते, तो आवाजच गेला. ताव देण्याबद्दल, म्हणजे पितळ तापवून मऊ करण्याबद्दल, आपलं बोलणं अर्धं राहिलंय. फक्त मान आणि खांदा तापवायचा, बुडाला आच लागू द्यायची नाही, इथपर्यंत आलो होतो.

तराजूची सवय मात्र अंगवळणी पडली आहे. पंखा बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, तराजू आधीपासून चालू ठेवून तापलेला. थोड्या थोड्या वेळानं रिकामं ताटलं उचलून उणे आकडा बघते. सुरुवातीला होता तोच दिसला तर पुढे, नाहीतर प्रमाण-वजन ठेवून पुन्हा शून्य. टेबलावर पावडरचा एकच डबा. गोळी बसवण्याआधी ट्रेवर टॉर्च मारून प्रत्येक पुंगळीत पावडरची पातळी पाहते, आणि त्या वेळी कुणाशी बोलत नाही. आईलाही ते माहीत झालंय, टॉर्च दिसली की ती दारातूनच परत जाते.

ती शंभरची पेटी आता नऊ वेळा झाडून झाली. दर वेळी पेपरक्लिप फिरवते, खाच एकातही लागली नाही. चार पुंगळ्यांत मात्र नवा प्रायमर अगदी सहज आत गेला, बोटाला काही जोरच लागला नाही, म्हणजे प्रायमरची खोबण सैल झाली होती. त्या चारही मी पकडीनं चेपून टाकल्या, म्हणजे कुणी उचलून पुन्हा भरायला नको. बाकीच्या शहाण्णव रविवारी घेऊन येते. तुमचा कंपॅरेटरही आणते, पावणेदोन वर्षं माझ्याकडे आहे. त्या दिवशी घाबरून घरी गेले आणि तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. काका, मनापासून आभार.

तुमची,
सात नंबरच्या लेनवरची