कळसूबाईच्या वाटेवरचं पाणी आधी बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी बारी गावातून कळसूबाईकडे माणसांची रीघ लागते. १६४६ मीटर उंचीचं हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, तेव्हा माणसं येणारच आणि त्यांनी यावंही. पण या डोंगराविषयी बोलणं निघालं की ते शिड्या, रेलिंग आणि गाड्या लावायच्या जागेपाशीच थांबतं. झीज होते आहे ती शिड्यांच्या मधल्या मातीच्या वाटेची. तिला पायांइतकंच, किंबहुना पायांहून अधिक, पाणी कारणीभूत आहे.

सह्याद्री लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा. थर कठीण असेल तिथं सरळ कडा उभा राहतो आणि तिथंच शिडी लावावी लागते. थर मऊ असेल तिथं उतार तयार होतो, खाली मुरूम आणि वर मातीचा पातळ थर. या उतारावर सतत पाय पडले की आधी गवत मरतं, मग माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वाटेवरूनच खाली धावतं आणि जाताना माती घेऊन जातं. वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बोटभर जरी खोल गेली, तरी पाण्याला बाहेर पडायला तोंड राहत नाही. पुढं वाटेचा ओघळ होतो आणि ओघळाची घळ. घळीत उघडे पडलेले दगड आणि निसटता मुरूम पायाला नको वाटतो, म्हणून माणसं काठावरच्या गवतातून चालू लागतात. तिथलंही गवत जातं आणि वाट रुंद होत जाते.

याला सर्वांत मोठा हातभार शॉर्टकटचा. जुनी वाट वळणं घेत चढते, ती उगाच नाही. डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी चढ वाटेला असला, तर पाणी वाट आडवी ओलांडून निघून जातं. चढ त्याहून जास्त झाला की पाणी वाटच धरतं. दोन वळणांना जोडणारा शॉर्टकट थेट उताराच्या दिशेनं जातो, म्हणजे पाण्याला आयता पाट मिळतो. तो बंद करताना बहुतेक वेळा खालच्या टोकाला चार दगड टाकून काम संपवलं जातं. पण शॉर्टकट मारणारे बहुतेक जण उतरताना मारतात. म्हणून वरचं टोक आधी बंद व्हायला हवं, आणि तेही दगडांच्या नुसत्या रेघेनं नव्हे. वळणावरून दिसणारा पहिला पाच-सहा मीटरचा पट्टा मोठे दगड आणि पडलेल्या वाळक्या काटेरी फांद्या टाकून झाकला पाहिजे. पुढं वाट आहे असं दिसलंच नाही, तर कुणी त्यात शिरत नाही.

मुख्य उपाय म्हणजे वाटेवर तिरके दगडी बांध घालून पाणी बाहेर काढणं. खर्च थोडा, पण नीट केलं नाही तर पहिल्याच पावसात वाया जाणारं हे काम आहे. बांध वाटेला काटकोनात घातला तर पाणी त्याच्यामागं थांबतं, गाळ साचतो आणि काही दिवसांत पाणी वरून उडी मारून पुढचा खड्डा खणतं. म्हणून तो ४५ ते ६० अंशांत तिरका हवा. दगड लांबट आणि जड घ्यावेत, त्यांचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे. दोन्ही टोकं वाटेच्या कडेपलीकडे वीतभर तरी जावीत, नाहीतर पाणी आणि माणसं दोन्ही वळसा घालतात. खालच्या टोकापासून एक-दोन मीटरचा चर काढून पाणी गवताळ किंवा दगडी जागी सोडावं. ते खालच्या वळणावर किंवा कुणाच्या खाचरात उतरणार नाही, हे आधी बघून घ्यावं. तीव्र चढावर असा बांध दर पाच ते आठ मीटरला लागतो, सौम्य चढावर पंधरा-वीस मीटरला एक पुरतो. आणि बांध घालून मोकळं होता येत नाही. चरात गाळ भरला की बांध असून नसल्यासारखा. जूनच्या आधी एकदा आणि पावसाळ्यातल्या उघडिपीत एकदा फावड्यानं चर मोकळे करावेच लागतात.

पायऱ्यांचंही तसंच. पायरीची उंची १५ ते १८ सेंटीमीटर असावी. त्यापेक्षा उंच पायरी गुडघ्यांना नको वाटते, विशेषतः उतरताना, आणि लोक शेजारच्या मातीतून जातात. सिमेंटच्या पायऱ्या मुरमाड उतारावर टिकत नाहीत. पाणी त्यांच्या मागून आणि खालून मुरूम धुऊन नेतं, पायरी अधांतरी राहते आणि एक दिवस तुटते. शिवाय पावसात त्यांच्यावर शेवाळ धरतं. बिनचुन्याचे, खोल रोवलेले दगड पाणी फटींतून जाऊ देतात आणि एखादा हलला तर तेवढाच पुन्हा बसवता येतो. मात्र दगड वाटेच्या लगतच्या उतारातून उपसून घ्यायचे नाहीत, तिथंच नवा ओघळ सुरू होतो.

हे काम करायला बाहेरचा ठेकेदार लागत नाही. उतारावर भाताची खाचरं बांधून पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरवणारी माणसं पायथ्याच्या गावांत आहेत. पाणी कुठून वळेल हे त्यांना जमिनीकडं बघून कळतं. भातकापणी उरकल्यावर जमिनीत थोडी ओल असते आणि हातांना कामाची गरजही असते. नेमका तोच काळ या कामाचा. डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्यानं उत्साही गटांनी परस्पर खोदकाम करू नये. वन विभागानं ग्रामस्थांना सोबत घेऊन ते करावं आणि पर्यटकांकडून जमा होणाऱ्या शुल्कातला ठरावीक वाटा दरवर्षी फक्त वाटेच्या देखभालीला ठेवावा. एकदाच मोठी रक्कम देऊन पुढची पाच वर्षं विसरून जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चालणाऱ्यांच्या हातातही बरंच आहे. चिखल टाळायला काठानं चालू नका, पकड असलेले बूट घाला आणि वाटेच्या मधूनच जा. सुरुवातीच्या शेतांमधून जाताना खाचराच्या ओल्या बांधावर पाय देऊ नका. बांधाची कड एका ठिकाणी ढासळली की रात्रीत खाचरातलं पाणी निघून जातं, लावणी झालेली रोपं कोरडी पडतात आणि शेतकऱ्याला चिखल थापून बांध पुन्हा उभा करावा लागतो. सूर्योदयासाठी मध्यरात्री निघणाऱ्या गटांनी प्रत्येकाकडे बॅटरी ठेवावी. अंधारात पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकताना वळणं चुकतात आणि सगळा गट शॉर्टकटमध्ये शिरतो. सप्टेंबरमध्ये सोनकी आणि तेरडा फुलला की फोटोसाठी फुलांत बसायचा मोह आवरा.

शिड्यांविषयी एकच सांगायचं. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर वीज पडते. ढग गडगडू लागले की लोखंडी शिडीपाशी आणि उघड्या माथ्यावर थांबू नये, म्हणून या दिवसांत दुपारच्या आत शिड्या उतरून खाली आलेलं बरं.

केलेल्या कामाचा उपयोग होतो का, हे मोजायलाही मोठी यंत्रणा नको. वाटेच्या दहा-बारा जागी दोन्ही काठांना पक्क्या खुंट्या रोवाव्यात. मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्यामध्ये दोरी ताणून दोरीपासून वाटेच्या तळापर्यंतचं अंतर मोजावं आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ज्या जागी अंतर वाढलं, तिथले बांध आणि चर त्याच हिवाळ्यात आधी दुरुस्त व्हावेत.

आपला,
एक नियमित वाचक