चौदावा क्यू

नाशिक, रविवार, रात्रीचे साडेबारा

मन्या,

सहा महिन्यांत तुला एक धड मेसेज केला नाही आणि आज एकदम चार पानं. आधी शिव्या घालून घे, मग वाच. घरी सगळे मजेत, आजीच्या गुडघ्याचं पुराण चालू, मला सर्दी. झालं.

नाट्यस्पर्धेत लाइट्सचं पहिलं बक्षीस मिळालं. मला. ग्रुपवरचा फोटो पाहिला असशीलच. त्यात मी एरंडेल प्यायल्यासारखा का उभा आहे ते फक्त तुलाच कळेल. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच हसला असतास, म्हणून लिहितोय.

आपल्या नाटकातला चौदावा क्यू, लाइट बदलायची चौदावी खूण, आठवतोय ना? आठवणारच, तूच लिहिलाय. अंधारात नायिका खुर्चीत येऊन बसते, तीन आकडे मोजेपर्यंत ब्लॅकआउट, मग डोक्यावरचा स्पॉट दोन आकड्यांत फुल. तर स्पर्धेच्या दिवशी दुपारी तालमीत नेमका तोच दिवा उडाला. आपल्या कॉलेजचाच तो म्हातारा हजार वॅटचा स्पॉट. लाइटवाले बापू चहाला गेलेले, डायरेक्टर खालून ओरडतोय, मी घोड्यावर, म्हणजे त्या उंच शिडीवर, एका हातात पाना. खिशातला रुमाल मघाशीच रंगीत जिलेटिनच्या चिमट्यांना बांधून बसलो होतो. तसाच उघड्या हाताने नवा दिवा बसवला. काचेला धरून. अंगठा आणि दोन बोटं, चांगली दाबून.

आता तू कपाळावर हात मारलास, दिसलं मला.

फर्स्ट इयरला असाच दिवा हातात घेतला म्हणून तू सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. मी दोन दिवस बोललो नव्हतो तुझ्याशी. ‘बोटाचं तेल काचेला लागतं, तेवढीच जागा जास्त तापते, काच फुगते, मग दिवा फुटतो,’ हे तुझं स्तोत्र मला ‘वॅट भागिले व्होल्ट’च्या जोडीने पाठ आहे. एका पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर हजारचे तीनच, चौथा लावणारा गाढव. सगळं पाठ. आणि तरी.

खाली उतरल्यावर आठवलं. तोवर पडदा पाडून सेट लावायला सुरुवात झाली होती. प्रत्येक संघाला मोजून मिळणारी मिनिटं, पुन्हा घोडा कोण आणू देणार? म्हटलं, बघू. तिसरी घंटा झाली.

तेरा क्यू लोण्यासारखे गेले. चौदाव्याला ब्लॅकआउट घेतला, ती अंधारात येऊन बसली, खुर्ची करकरली तेही ऐकलं. फेडरवर, उजेड कमी-जास्त करायच्या दांडीवर, बोट, आणि डोक्यात एकच: तो दिवा बरोब्बर तिच्या डोक्यावर आहे. पुढे भिंग असतं, काच खाली येत नाही, हे तू म्हणशीलच. पण त्या भिंगाला तडा आहे, आणि तो कुणामुळे गेला हे जगात दोघांनाच माहीत आहे. (तुझ्यामुळे. मी फक्त शिडी धरली होती. हा वाद माझ्याकडून आजही मिटलेला नाही.)

बोट हलेना. पाच आकडे, सात, नऊ. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी फेडर सरकवला तो मुंगीच्या पावलांनी, एकेक रेघ, कान वर लावून, कुठे टिक् असा आवाज येतोय का. आधी तिची बोटं दिसली, मग हनुवटी, मग चेहरा. साठ टक्क्यांच्या वर नेलाच नाही. ती बिचारी उजेडाची वाट बघत गप्प बसली होती, आणि ते गप्प बसणंच असं काही दिसलं की पुढच्या रांगेतून कुणीतरी ‘अहाहा’ म्हणालं.

परीक्षकांनी निकाल सांगताना नेमक्या त्याच क्यूचं नाव घेतलं. डायरेक्टरने मला उचललं. कुसुमाग्रजांच्या गावात बक्षीस घेतलंस लेका, वगैरे भाषण ठोकलं. अंतिम फेरीतही ब्लॅकआउट तेवढाच हवा म्हणतोय. स्टॉपवॉच लावून व्हिडिओवरून सेकंद मोजलेत त्याने. माझी तंतरली होती ती आता क्यूशीटमध्ये लिहून झाली आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन दिवा काढला. रुमालाने, हो. काचेवर बोटाच्या ठशाएवढा पांढुरका डाग, आणि तिथे काच जराशी फुगलेली. लहान मुलाच्या गालावर कांजिण्यांत येतो तसा फोड. आणखी एक प्रयोग टिकला असता की नाही, देव जाणे.

प्रमाणपत्रावर ‘प्रकाशयोजना’ म्हणून माझं नाव आहे. बाकी सगळे क्यू तुझे, शीट तुझ्या अक्षरातली, मी फक्त कॉफीचा डाग पाडला. माझा असा एकच क्यू, तो हा. तुझं नाव द्यायला हवं होतं, फॉर्म भरताना मनात आलंही, पण तू जूनमध्ये ‘आता मला या भानगडीत घेऊ नका’ म्हणून गेलास त्याचा राग होता. खरं सांगतो, होता. आता तेवढा नाही.

तिला अजून सांगितलेलं नाही. ती मला भेटेल तिथे ‘तुझ्या लाइटने सीन केला’ म्हणते. काल कॉलेज रोडवर मिसळ पण तिनेच खिलवली, आणि मी निर्लज्जासारखा दोनदा रस्सा घेतला. सांगू का? सांगितलं तर ती पुन्हा त्या खुर्चीत बसेल का? बापूंना सांगितलं तर ते मला घोड्याला उलटं टांगतील, ते परवडलं.

अरे हो, तुझी नवी नोकरी कशी आहे? काकू रविवार कारंजावर भेटल्या होत्या, तू बारीक झालास म्हणाल्या. जेवत जा. ते मुलीचं प्रकरण खरं का? सविस्तर कळव.

दिवा फेकला नाही. तुझा एक निळा मोजा माझ्याकडे राहिला होता, त्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय. शनिवारी येतोस का? ये. येण्याआधी पुण्याच्या तपकीर गल्लीत त्या स्पॉटचं भिंग मिळतं का बघ. पैसे निम्मे निम्मे. तडा तुझा आहे, तरी निम्मे.

तुझा,
बाळ्या